हवेतले पोटभाडेकरू

धारवाडचं आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं. मल्लिकार्जुन मन्सूर तिथे संगीत सल्लागार होते. या केंद्रावर त्या काळी एक सेकंदही विकाऊ नव्हता. तरी हुबळी-धारवाडच्या श्रोत्यांचे कान विकले जातच होते, फक्त सौदा मुंबईच्या कुलाब्यात ठरत होता. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी सिनेगाण्यांना आकाशवाणीवर जवळजवळ बंदी घातली आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. डॅन मोलिना यांची 'रेडिओ अ‍ॅडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस' ही मुंबईची कंपनी सिलोनचा वेळ भारतीय जाहिरातदारांना विकायची. कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित व्हायचे, फिती विमानाने कोलंबोला जायच्या. बिनाका गीतमालेचा अर्धा तास असाच एका टूथपेस्टने विकत घेतला होता. केसकरांनी शास्त्रीय संगीताचं भलं केलं की नाही यावर वाद घालता येईल. मोलिनांचं मात्र नक्कीच केलं.

सरकारला शहाणपण सुचायला पंधरा वर्षं लागली. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर जाहिराती लागल्या. तरी सरकार सुटे सेकंदच विकत होतं. अख्खा तास ठोक भावाने देण्याचा प्रयोग सुरू झाला १९९३ मध्ये. आकाशवाणीने मुंबई, दिल्ली, कोलकाता, गोवा अशा ठिकाणच्या एफएमवरचे तास खासगी मंडळींना दिले. ट्रान्समीटर सरकारचा, आवाज 'टाइम्स एफएम' किंवा 'रेडिओ मिड-डे'चा. भाडेकरू तासाचं ठरलेलं भाडं भरणार, मग त्याच तासातले सेकंद जाहिरातदारांना चढ्या दराने विकणार. मधला फरक हाच त्याचा नफा, आणि जाहिरात मिळाली नाही तर तोटाही त्याचाच. हे सरळसरळ पोटभाडं होतं. घरमालकाला निश्चित पैसे मिळत होते, पण श्रोत्याला आणि जाहिरातदाराला ओळखीचा झाला तो भाडेकरू. १९९८ मध्ये हे करार संपले आणि पुढे वाढवले गेले नाहीत.

अमेरिकेत हा धंदा आजही उजळ माथ्याने चालतो. धर्मोपदेशक, आरोग्याची औषधं विकणारे, परभाषक समाजांचे कार्यक्रम करणारे छोट्या केंद्रांकडून तास विकत घेतात. तिथला कायदा एवढंच बघतो, की पैसे कोणी दिले ते श्रोत्याला सांगितलं का आणि परवान्याची जबाबदारी मूळ मालकाकडे राहिली का. एका केंद्राने त्याच बाजारपेठेतल्या दुसऱ्याचा आठवड्यातला १५ टक्क्यांहून जास्त वेळ घेतला, तर ती मालकीच धरली जाते.

आपल्याकडे पोटभाड्यावर लगाम आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ठरवलं. खासगी एफएमच्या धोरणात पुढे अट आली: दीर्घ मुदतीच्या कराराने निम्म्याहून जास्त कार्यक्रम बाहेरून घ्यायचे नाहीत, आणि एकाच पुरवठादाराकडून एकूण कार्यक्रमांच्या २५ टक्क्यांपुढे जायचं नाही. परवाना पंधरा वर्षांचा. त्याची बोलीची रक्कम आधीच भरलेली असते. वर दरवर्षी ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा त्या शहराच्या प्रवेशशुल्काच्या २.५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. म्हणजे धंदा मंद असला तरी सरकारचं मीटर फिरत राहतं.

खासगी एफएमच्या परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्यात हुबळी-धारवाडलाही असं केंद्र आलं. अशा मध्यम शहरात केंद्राची विक्रीटीम तास विकत नाही, पॅकेज विकते. मोजमाप दहा सेकंदांचं, म्हणजे तीस सेकंदांच्या जाहिरातीला तीन एकक. सकाळ-संध्याकाळचे स्पॉट महाग असतात, म्हणून त्यांच्यासोबत दुपारचे बोनस चिकटवायचे. वर आरजेच्या तोंडी दुकानाचं नाव आणि दुकानाच्या दारातून थेट प्रसारण. मुरलेलं गिऱ्हाईक छापील दराकडे बघतही नाही. महिन्याला किती आणि बोनस किती, एवढंच विचारतं. मधल्या एजन्सीची दलाली रूढीने १५ टक्के. दलालाची खरी कमाई मात्र त्याच्या ओळखीत असते. साडीचा दुकानदार, धारवाडचे स्पर्धा परीक्षांचे क्लासवाले, सांधेदुखीचे डॉक्टर यांच्याकडे केंद्राच्या माणसाआधी तो पोचलेला असतो. डॉक्टरांची 'मुलाखत' ही जाहिरातच आहे, हे श्रोत्याला सांगितलं जातं का, हा मला यातला सर्वांत अवघड प्रश्न वाटतो. एजन्सीच्या बिलात त्याचं उत्तर सापडणार नाही.

याच शहरात उलट्या गणिताचं एक केंद्र आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा सामुदायिक रेडिओ २००७ पासून ९०.४ मेगाहर्ट्झवर चालतो. अशा केंद्रांना तासाला सात मिनिटं जाहिरातीची मुभा होती आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपये होता. म्हणजे सगळी मिनिटं भरली तरी तासाला २,१८४ रुपये. २०२४ मध्ये मर्यादा बारा मिनिटं आणि दर ७४ रुपये झाला. आता कागदावर ५,३२८. मिनिटं भरतात कुठे, हा भाग निराळा. इथे प्रायोजित कार्यक्रमाला परवानगी फक्त सरकारच्या किंवा लोकहिताची माहिती देणाऱ्या संस्थांच्या कार्यक्रमांपुरती. ज्योतिषी कितीही पैसे मोजायला तयार असला, तरी त्याला इथला अर्धा तास विकत मिळत नाही. तो पैसे घेऊन एजन्सीकडे जातो.