रोजच्या जगण्याच्या फोटोची भीती कुणाला?



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वसईच्या पूर्वेकडच्या आमच्या एका गटातल्या तिघींनी पहाटे पाच वाजता विहिरीवरच्या हंड्यांच्या रांगेचा मोबाइलवर फोटो काढला. नळाला आठ दिवस पाणी नव्हतं. अर्ज घेऊन गेलो, फोटो दाखवला, तर समोरचे साहेब म्हणाले, "अर्ज ठेवा ताई, पण फोटो पुसून टाका. उगाच बदनामी होते." दोघींनी तिथल्या तिथे पुसला. तिसरीने मोबाइल पदराखाली धरला.

त्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि हाच विषय निघाला. पुसला ते चुकलं का? आणि साध्या हंड्यांच्या फोटोला एवढं घाबरायचं कशाला?

तेव्हा गटातल्या आजी बोलल्या. "ही भीती आम्ही आणीबाणीत बघितलीय. मी नवी नवरी होते. नसबंदीची गाडी येणार म्हटलं की पुरुषमाणसं रात्री शेतात जाऊन झोपायची. पोरांना सांगितलं तर हसतात. दाखवायला एक फोटो नाही ना आमच्याकडे!"

आमच्यातल्या बऱ्याच जणींचा जन्म त्यानंतरचा. म्हणून आधी आणीबाणी समजून घेऊ.

२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली. ती २१ मार्च १९७७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकवीस महिने चालली. चौकशीशिवाय तुरुंगात टाकलेल्यांची संख्या एक लाखावर गेली, असं पुढे शहा आयोगाच्या चौकशीत दिसलं. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या कितीतरी जबरदस्तीच्या होत्या.

मग हे सगळं पेपरात का आलं नाही? कारण सेन्सॉर. बातमी असो, व्यंगचित्र असो, फोटो असो, छापायच्या आधी सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागायची. सुरुवातीला काही पेपरांनी निषेध म्हणून जागा कोरी सोडली. मग कोरी जागा सोडायलाही मनाई झाली! काही परदेशी वार्ताहरांना देशाबाहेर काढलं गेलं. आपल्या मुंबईत १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा बायकांनी महागाईविरुद्ध थाळ्या-लाटणी वाजवत मोर्चे काढले होते. त्या मोर्चांचे फोटो लोकांनी पाहिले होते. आणीबाणीत या दोघीही तुरुंगात गेल्या. महागाई घराघरात कळत होती, पण लाटणं घेऊन रस्त्यावर येणाऱ्या बायका पेपरात दिसेनाशा झाल्या.

खेड्यात तर कॅमेराच दुर्मिळ. एका रोलवर बारा फोटो निघायचे, ते धुवायला शहरातल्या स्टुडिओत द्यायचे. फोटो निघायचा तो लग्नात. म्हणून आजींकडे लग्नाचा फोटो आहे, पण शेतात काढलेल्या त्या रात्रींचा नाही.

तरी एक फोटो सेन्सॉरच्या हातून निसटला. त्याची गोष्ट पत्रकार अजून सांगतात. रघु राय तेव्हा दिल्लीत 'स्टेट्समन' या इंग्रजी पेपरचे छायाचित्रकार होते. त्यांनी चांदनी चौकात एक फोटो काढला. एक माणूस सायकल ढकलत चाललाय, सायकलवर दोन मुलं, मागे बायको. आणि आजूबाजूला पोलीसच पोलीस. फोटोखाली एवढंच लिहिलं, की चांदनी चौकात जनजीवन सुरळीत आहे. सेन्सॉरच्या अधिकाऱ्याने ओळ वाचली आणि मंजुरी दिली. फोटो छापून आला, लोकांना जे समजायचं ते समजलं, आणि त्या अधिकाऱ्याची बदली झाली म्हणतात.

बघा, त्या फोटोत मारामारी नाही, घोषणा नाही. बाजारातून घरी निघालेलं एक कुटुंब आहे. भाषणाला उत्तर देता येतं, बातमी खोटी म्हणता येते. पण चार साधी माणसं चालताना दिसली, की "सगळं छान आहे" म्हणणाऱ्याची पंचाईत होते.

आजही असे देश आहेत. उत्तर कोरियात पाहुण्यासोबत सरकारी माणूस कायम असतो. कशाचा फोटो काढायचा, कशाचा नाही, हे तोच सांगतो. सैनिकांचा काढायचा नाही. नेत्याच्या पुतळ्याचा काढला तर पुतळा पूर्ण आला पाहिजे. एरिक लाफोर्ग या फ्रेंच छायाचित्रकाराने तिथलं रोजचं जगणं टिपून बाहेर दाखवलं, तर त्याला पुन्हा देशात येऊ दिलं नाही.

इथे आम्हाला आमचीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एकदा पाहुणे येणार म्हणून आम्ही शेजारच्या गटाचे पापडांचे डबे उसने आणून टेबलावर मांडले आणि हसून फोटो काढला. त्या आठवड्यात आमची विक्री शून्य होती. फोटो पाहून सगळे म्हणाले, "तुमचं तर मस्त चाललंय!" मग मदत कोण कशाला करेल? नको ते झाकायचं काम आम्ही स्वतःच केलं होतं.

त्या बैठकीत आम्ही चार गोष्टी ठरवल्या. तुमच्या गटातही बोलून बघा.

एक, मांडून ठेवलेला फोटो काढायचा नाही. आहे तसा काढायचा.

दोन, फोटोबरोबर तारीख, वेळ, जागा वहीत लिहायची. नाहीतर दोन वर्षांनी तो कुठल्याही विहिरीचा फोटो होतो.

तीन, ओळखू येईल असा चेहरा असेल तर त्या बाईला आधी विचारायचं. नको म्हणाली तर हंडे काढायचे, चेहरा नाही. जबरदस्ती सरकारची वाईट, तशी आपलीही वाईट.

चार, फोटो एकाच मोबाइलमध्ये ठेवायचा नाही. निदान तिघींकडे असावा.

ज्या दोघींनी फोटो पुसला, त्यांना आम्ही बोल लावला नाही. समोर खुर्ची असली की हात थरथरतो. पण तिसरीचा फोटो आम्ही छापून घेतला, मागे तारीख घातली आणि दुसऱ्या अर्जाला जोडला. पुढच्या आठवड्यात टँकर आला. नळाला पाणी अजूनही एक दिवसाआडच येतं, म्हणून वहीत आणखी फोटो जमताहेत.

परवा आजींनी ती वही मागून घेतली, पानं उलटली आणि म्हणाल्या, "ही जपून ठेवा गं. उद्या तुमची नातवंडं हसायची नाहीत."