दिवे लागत होते, पण खोली सरकेना!

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी अडकणे, ऐन सणाला मिक्सर बंद पडणे, पाहुणे पानावर बसलेले असताना गॅस संपणे, अशा फजित्या आपल्या प्रत्येकीच्या गाठीशी असतात. पण घराची एक अख्खी खोलीच अर्ध्यावर अडकून बसली, असे कधी झाले आहे का? माझे झाले. तेही आपल्या गावापासून हजारो मैलांवर, अमेरिकेत, अस्वलांच्या जंगलात!

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे लेकीकडे गेलो होतो. लेक-जावई दोघेही नोकरीवाले, नातू पाच वर्षांचा. दोघांनी आठ दिवसांची रजा काढून आम्हांला यलोस्टोन दाखवायचे ठरवले. १८७२ साली राखून ठेवलेले हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. दर दीड तासाने जमिनीतून उसळणारे उकळत्या पाण्याचे कारंजे, रस्त्यात निवांत उभे राहणारे गवे, हे सारे पाहायचे होते. आता राहायचे कुठे? आम्ही दोघे शाकाहारी, त्यातून ह्यांना मधुमेह, जेवणाची वेळ चुकलेली चालत नाही. म्हणून लेकीने हॉटेलऐवजी मोटारहोम भाड्याने घेतले.

चाकांवरचे बिऱ्हाड

मोटारहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले घरच. आमचे तीस फूट लांब होते. शेगडी, फ्रिज, बेसिन, संडास-बाथरूम, झोपायला तीन जागा, सगळे बेताचे पण नीटस. रस्त्याच्या नियमामुळे गाडीची रुंदी साडेआठ फुटांच्या वर नेता येत नाही. त्यावर तिथल्या लोकांनी युक्ती काढली आहे. टेबलाचा खण ओढावा तसा गाडीच्या भिंतीचा एक मोठा भाग, त्यावरच्या सोफ्या-टेबलासकट, बाहेर सरकतो. त्याला म्हणतात स्लाइड-आउट. गाडी उभी केली की बटण दाबायचे, घर अडीच-तीन फुटांनी रुंद होते. निघताना पुन्हा बटण दाबायचे, खण आत. खण बाहेर असताना गाडी मात्र चालवायची नाही, हा पक्का नियम.

हे बटण नातवाच्या फार आवडीचे. पहिल्या दिवशी मलाही मोठे कौतुक वाटले. मनात म्हटले, आपल्या दोन खोल्यांच्या घराला असे एखादे बटण असते तर दिवाळीत किती सोय झाली असती!

आधीच्या दोन रात्री आम्ही वीज नसलेल्या तळावर काढल्या. थंडी कडाक्याची, हीटर रात्रभर चालू. तो जळतो गॅसवर, पण त्याचा पंखा फिरतो गाडीच्या बॅटरीवर. तिसऱ्या दिवशी यलोस्टोन सरोवराकाठी फिशिंग ब्रिज नावाच्या तळावर आलो. नाव मासेमारीच्या पुलाचे, पण त्या पुलावरून मासे धरायला १९७३ पासूनच बंदी आहे. इथे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय, सगळे जागेवर मिळते. मात्र तंबू ठोकायला परवानगी नाही, कारण भोवती ग्रिझली अस्वलांचा वावर. पक्क्या भिंतींच्या गाड्यांनीच इथे उतरायचे.

त्या संध्याकाळी खोली बाहेर सरकताना कुरकुरत, रेंगाळत गेली. मला ते जाणवले. पण म्हटले, आपण कशाला बोला? यंत्रातले आपल्याला काय कळते! मैत्रिणींनो, माझी पहिली चूक ती हीच.

आणि खण अडकला!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास आवराआवर झाली. अकराच्या आत जागा सोडायची होती, दुपारनंतर ती दुसऱ्यांची. दोन दिवसांनी आमचे परतीचे विमान. जावयांनी बटण दाबले. खोली हातभर आत आली, दिवे मंदावले आणि 'टक्' असा आवाज होऊन सगळे थांबले. पुन्हा दाबले, पुन्हा टक्. गाडीचे इंजिन चालू करून दाबले तर खोली चार बोटे सरकली आणि परत गप्प.

आता परिस्थिती पाहा. खोली ना धड आत, ना धड बाहेर. अर्धवट सरकलेल्या सोफ्याने फ्रिजचे दार अडवलेले. दुपारच्या पोळ्या आणि भाजी त्या फ्रिजमध्ये. हे शांतपणे म्हणाले, "अगं, माझी काळजी करू नकोस, पिशवीत खारी आहे." पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

भाड्याच्या कंपनीला फोन लावला. रेंज येई-जाई. शेवटी लागला, तर माणूस म्हणाला, मेकॅनिक पाठवतो, पण तो उद्यानाच्या बाहेरून येणार, संध्याकाळ होईल, कदाचित उद्या. तोवर हाताने फिरवायच्या दांड्याने खोली आत घ्या. दांडा शोधला. गाडीत दांडाच नव्हता!

मग व्हायचे तेच झाले. जावई म्हणाले, "मी सांगत होतो, हॉटेलात राहू." लेक तडकली, "आई-बाबांच्या जेवणाचं काय केलं असतं मग? आणि ही जुनी गाडी स्वस्त म्हणून कुणी निवडली?" नातू रडायला लागला. आम्ही दोघे खाली मान घालून बसलो. आपल्यापायी लेकीच्या घरात वाद व्हावा, यापरते आईबापांना दुःख नाही. मी उठून म्हटले, "अगं, मी जरा बघू का?" तर ती म्हणाली, "आई, तू बस ना गं. तुला यातलं काय कळणार?"

तिचे वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. पण तिचा तरी काय दोष? आदल्या रात्री मी स्वतःशी हेच म्हटले होते!

भारनियमनाची शिकवण

मी बाहेर येऊन उभी राहिले आणि मनात एक धागा सापडला. दिवे चांगले लागतात, पण जड काम सांगितले की मंदावतात. हे मी कुठे पाहिले आहे? अहो, आपल्याच घरी! २००५ च्या सुमारास आमच्या गावात तासन्‌तास वीज जाई, तेव्हा आम्ही इन्व्हर्टर घेतला. हे ऑफिसला, मुले शाळेला, म्हणजे त्या बॅटरीचे सगळे माझ्याकडे. डिस्टिल्ड पाणी घालणे, टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी साफ करणे, वर व्हॅसलिनचा हात फिरवणे, हे वर्षानुवर्षे मीच केले. टोके खराब झाली की आमच्याही घरी असेच होई. दिवा लागे, पंखा लावला की सगळेच मान टाकी.

मी जावयांना म्हटले, "ह्या घराची बॅटरी कुठं आहे हो? एकदा दाखवाल का मला?"

ते म्हणाले, "बॅटरी ठीक आहे, आई. पॅनेलवर पूर्ण भरलेली दाखवतंय."

"असेल. पण वायर भिंतीच्या विजेला लावलेली आहे. तो आकडा चार्जरचा असला तर?"

ते क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. मग मुकाट्याने खाली उतरून त्यांनी दाराच्या पायरीखालचा कप्पा उघडला. काय सांगू! एका टोकावर पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा हा एवढा गोळा, आणि वायर हाताने हलत होती!

सगळा उलगडा झाला. बाहेरची वीज चार्जरमधून घरात येत होती, म्हणून दिवे लागत होते. बॅटरीपर्यंत मात्र ती नीट पोचतच नव्हती. दोन रात्री हीटरच्या पंख्याने बॅटरी रिकामी केली आणि रात्रभर प्लग लावूनही ती भरली नाही. छोट्या दिव्याला एखाद-दुसरा अँपिअर पुरतो, खोली सरकवणाऱ्या मोटारीला वीस-पंचवीस किंवा त्याहून जास्त लागतात. तेवढा जोर एकट्या चार्जरला कुठला?

गाडी परक्याची, म्हणून लेकीने आधी कंपनीला फोन करून विचारले. साफ करा म्हणाले. शेजारच्या गाडीत एक अमेरिकन आजी-आजोबा होते, त्यांनी पाना, हातमोजे आणि शिडी दिली. मी हातातल्या बांगड्या काढल्या, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सारले, चष्मा लावला. बॅटरीजवळ धातू नको, ठिणगी उडते. बाहेरच्या विजेचा प्लग काढला, इंजिन बंद केले. मग जावयांनी आधी ऋण टोकाची वायर सोडली, नंतर धन टोकाची. भजी-ढोकळ्यासाठी नेलेला खाण्याचा सोडा मी पाण्यात कालवला आणि जुन्या टूथब्रशने टोके घासली. बॅटरीची झाकणे पक्की बंद ठेवली, सोडा आत जाता कामा नये. फसफसून सारी घाण निघाली. स्वच्छ पाण्याने पुसून, कोरडे करून, आधी धन आणि शेवटी ऋण टोक घट्ट आवळले. वरून व्हॅसलिन.

जावई लगेच बटणाकडे निघाले. मी म्हटले, "थांबा. उपाशी माणसाला ताटावर बसवलं, म्हणून लगेच पोतं उचलायला सांगतात का?" सव्वानऊ झाले होते. प्लग लावला, इंजिनही चालू केले आणि सव्वा तास थांबायचे ठरवले.

तो सव्वा तास

हा सव्वा तास मला जन्मभर आठवेल. जावई शिडीवर चढून खोलीच्या छपरावर पडलेल्या पाइनच्या काड्या झाडत होते. तो कचरा आत गेला की रबरी पट्ट्या फाटतात. मी आणि लेक वाकून खोलीच्या खाली काही अडकले आहे का, दोन्ही बाजू सारख्या आत आल्या आहेत का, ते पाहत होतो. तिरकी झाली असती तर बटणाला हातच लावायचा नव्हता. शेजारच्या आजींनी चहा दिला. तिथली उंची पावणेआठ हजार फूट, पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे चहा तसा फिकाच. पण त्या दिवशी तो अमृतासारखा लागला.

जावई जवळ येऊन बसले. म्हणाले, "आई, मघाशी जे बोललो ते तुम्हांला उद्देशून नव्हतं."

मी म्हटले, "भांडण तुमचं होतं, कान तेवढे आमचे होते. सोडून द्या."

लेक काही बोलली नाही. तिने माझा हात धरला आणि काढून ठेवलेल्या बांगड्या एकेक करून माझ्या हातात चढवल्या.

साडेदहाला इंजिन तसेच ठेवून बटण दाबले. दिवे किंचितही मंदावले नाहीत. खोली एका दमात आत आली, जागेवर बसली. नातवाने टाळ्या पिटल्या, शेजारच्या आजी-आजोबांनीसुद्धा! पावणेअकराला आम्ही तळ सोडला. जेवणे वेळेवर झाली. आणि जावई म्हणाले, "पुढच्या वेळी गाडी ताब्यात घ्यायला आईच पुढे."

हे ध्यानात ठेवा

आता महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आणि इथे अशा गाडीतून फिरू पाहणाऱ्या भगिनींसाठी माझ्या अनुभवाचे चार शब्द:

१. गाडी ताब्यात घेताना खोली दोनदा आत-बाहेर करून दाखवायला सांगा. हाताने फिरवायचा दांडा कुठे आहे आणि कसा लावायचा, हे डोळ्यांनी पाहा.

२. खोली सरकवण्याआधी आत-बाहेर पाहा. चप्पल, खेळणे, उघडे कपाट, मागे सरकवलेली ड्रायव्हरची खुर्ची, यांपैकी काहीही आड येते. मुलांना दूर ठेवा.

३. अडकली तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. आधी सोपी कारणे पाहा: हँडब्रेक आणि किल्ली हवी तशी आहे का, फ्यूज उडाला आहे का, बॅटरीत जोर आहे का. भरलेली बॅटरी प्लग काढून थोड्या वेळाने मोजली तर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली आली तर ती थकली समजा.

४. खोली तिरकी झाली असेल, किंवा कडकड आवाज येत असेल, तर जोर करू नका. मेकॅनिकच बोलवा. खोली बाहेर ठेवून गाडी मुळीच हलवू नका.

५. एक दिवसाचे कोरडे खाणे आणि रोजची औषधे फ्रिज किंवा कपाटात न ठेवता हाताशी, पिशवीत ठेवा.

६. कुरकुर ऐकू आली तर त्याच दिवशी बोला. "आपल्याला काय कळतं" म्हणून गप्प बसू नका.

हे शेवटचे कलम मी गाडीपुरते लिहिलेले नाही. दिवे लागत असतात, म्हणून सगळे ठीक आहे असे आपण धरून चालतो. घरातही कुठे वायर सैल झाली असेल, तर जड वेळ येण्याआधीच कप्पा उघडून पाहिलेला बरा. सोडा काय, आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात असतोच!