खुणा कोणाच्या रक्तातल्या?

मधुमेह असलेल्या घरात दर तीन महिन्यांनी लॅबचा एक कागद येतो. त्यावर एचबीए१सीपुढे सात दिसले की सगळ्यांना हायसं वाटतं. नऊ दिसले की ताटातल्या भातावरून बोलणी सुरू होतात. या एका आकड्यावर गोळ्या वाढतात, इन्सुलिन सुरू होतं, कधी शस्त्रक्रियाही पुढे ढकलली जाते. एवढा अधिकार त्याला कशामुळे मिळाला आणि तो कुठवर मानायचा, हे रुग्णाला सहसा कुणी समजावून सांगत नाही. म्हणून हा आढावा. रक्तातल्या किंवा लघवीतल्या कुठल्याही खुणेची किंमत तिच्यामागे किती माणसं किती वर्षं तपासली गेली यावर ठरते. आणि ती माणसं कोण होती, हेही विचारलं पाहिजे.

एचबीए१सी या खुणेचा शोध दुसरंच काही शोधताना लागला. तेहरान विद्यापीठातले सॅम्युएल राहबर हिमोग्लोबिनचे विकृत प्रकार हुडकत होते. १९६८ साली दोन नमुन्यांत त्यांना एक अनोळखी पट्टा दिसला. दोन्ही रुग्ण मधुमेही निघाले. मग त्यांनी आणखी मधुमेही तपासले, आणि तोच पट्टा पुन्हा पुन्हा दिसत गेला. रक्तातली साखर कुठल्याही विकराच्या मदतीशिवाय हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी जिवंत असेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, चिकटूनच राहते. साखर चिकटलेलं हे हिमोग्लोबिन म्हणजेच एचबीए१सी. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळून हा आकडा उतरत नाही. रोनाल्ड केनिग आणि अँथनी सेरामी यांनी १९७६ साली दाखवलं, की साखर आटोक्यात आली की काही आठवड्यांत हा आकडाही खाली येतो.

तरी मूळ वाद शिल्लकच होता. डोळे, मूत्रपिंडं आणि नसा साखरेमुळे बिघडतात, की साखर आणि हा बिघाड ही एकाच रोगाची दोन स्वतंत्र अंगं आहेत? उत्तरासाठी अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर १९८३ ते १९९३ या काळात डीसीसीटी हा प्रयोग झाला. एका गटाचं एचबीए१सी सातच्या आसपास राखलं, दुसऱ्याचं नऊच्या. पहिल्या गटात दृष्टिपटलाचा आजार नव्याने सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं, नसांच्या विकाराचं ६० टक्क्यांनी. त्याची किंमतही होती: साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते नंतरचं निरीक्षण. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांचे आकडे हळूहळू सारखे झाले, तरी आधी नीट सांभाळलेल्यांचा फायदा पुढे कित्येक वर्षं टिकला. सुरुवातीची वर्षं शरीर विसरत नाही.

टाइप २चं उत्तर ब्रिटनमधून आलं. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ साली सुरू केलेल्या यूकेपीडीएसमध्ये नुकतंच निदान झालेले ५,१०२ रुग्ण होते. निकाल लागायला १९९८ उजाडलं. निदानाच्या दिवशीच निम्म्याजवळपास रुग्णांत कुठे ना कुठे इजा झालेली होती. एचबीए१सी ७.९ ऐवजी ७.० राखल्याने सूक्ष्म रक्तवाहिन्यांची गुंतागुंत २५ टक्क्यांनी घटली. याच अभ्यासात रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ ठेवलेल्या गटात मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. साखरेच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या घरांत दंडाला बांधायचा पट्टा कपाटातच पडून राहतो, याची मला खरोखर खंत वाटते.

सात चांगले, तर सहा आणखी चांगले असणार, असं वाटणं साहजिक होतं. अकॉर्ड या अभ्यासात हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या १०,२५१ जणांपैकी निम्म्यांसाठी सहाच्या खालचं लक्ष्य ठरवलं. २००८ साली ते कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले, कारण त्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्यात २०३. पंचाहत्तरीच्या आजोबांचा आकडा तिशीतल्या नातवाइतका खाली ओढू नये, हे डॉक्टर सांगतात ते अशा अनुभवांतून.

मूत्रपिंडाची खूण लघवीत सापडते. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या हॅरी कीन यांनी १९६०च्या दशकात लघवीतलं अत्यल्प अल्ब्युमिन मोजण्याची रीत बसवली. ऐंशीच्या दशकात लंडनचे विबर्टी आणि डेन्मार्कचे मोगेनसेन यांनी दाखवलं, की ही बारीक गळती पुढच्या मोठ्या बिघाडाची आगाऊ सूचना असते. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्ब्युमिन सापडलं, की सावध व्हायचं. ताप किंवा जोराचा व्यायाम यांनीही ते तात्पुरतं वाढतं, म्हणून तपासणी पुन्हा करायची. लघवी तपासायच्या नेहमीच्या पट्टीला ही गळती कळत नाही. वेगळी चाचणी लिहून द्यावी लागते. या टप्प्यावर मूत्रपिंड वाचवणारी औषधं आहेत. सूज येईपर्यंत थांबलं तर बराचसा वेळ हातचा गेलेला असतो.

आता आपल्याकडे वळू. आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. गोव्यातलं प्रमाण २६.४ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक. पण एचबीए१सीचा कागद इथे जपून वाचावा लागतो. लोहाची कमतरता असली तर आकडा खरा असतो त्याहून जास्त दिसू शकतो, आणि ती कमतरता आपल्या बायकांमध्ये घरोघरी आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो फसवा कमी येतो. म्हणून सिकलसेल आढळणाऱ्या गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आदिवासी रुग्णाला नुसत्या या आकड्यावर ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवणं धोक्याचं आहे. तिथे उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर पाहिलीच पाहिजे.

याहून खोल प्रश्न पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी विचारला. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली त्यांचं आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचं शेजारी शेजारी छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. उंची-वजनाचं कोष्टक आपल्या अंगातली चरबी झाकून ठेवतं, हे त्या एका चित्राने दाखवलं.

त्यांच्या गटाने १९९३पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गर्भारपणापासून मोजमापं घेतली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव खूपच लहान होते, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळपास शाबूत होती. लंडनच्या गोऱ्या बाळांशी केलेल्या दुसऱ्या तुलनेत पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त आढळलं. म्हणजे जिला आपण पन्नाशीची खूण समजतो, ती जन्माच्या दिवशी हजर होती. त्या गावांतल्या निम्म्याहून अधिक मातांत बी१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक निघालं.

बी१२चा धागा रुग्णाच्या पायापर्यंत पोचतो. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ घटतं, आणि त्याच्या अभावानेही पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. शाकाहारी घरातल्या, दूधही बेताचंच घेणाऱ्या मधुमेह्याचा बधिर पाय साखरेच्या खात्यावर टाकण्याआधी ही साधी रक्ततपासणी करायला हवी; कारण साखरेने मेलेली नस क्वचितच परत येते, पण बी१२च्या अभावाने आजारलेली वेळेवर उपचार मिळाला तर बरीचशी सावरते.

त्या सहा गावांतली मुलं आता मोठी झाली आहेत. ती किशोरवयात असतानाच, २०१२च्या सुमारास, त्यांच्यातल्या मुलामुलींना बी१२च्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. गर्भ राहण्याआधीच आईचं पोषण सुधारलं, तर पुढच्या पिढीच्या रक्तातल्या खुणा बदलतात का, हा त्यामागचा प्रश्न. त्याच मुलींना पुढे झालेल्या बाळांच्या नाळेचं रक्त म्हणूनच तपासलं गेलं.