तलावाचा जमाखर्च : लेखांक सहावा
गेल्या लेखांकात वाहत्या पाण्याचा विचार झाला. साचलेले पाणी नासणारच, ही सुशिक्षितांतही दृढ असलेली समजूत या आठवड्यापुरती बाजूस ठेवून, नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीपासून वैनगंगेपलीकडे आरमोरी, कुरखेड्यापर्यंत विखुरलेल्या त्या जुन्या तलावांकडे वळू, ज्यांस सरकारी दप्तरात माजी मालगुजारी तलाव आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव म्हणतात.

मृगापासून जंगलातील पालापाचोळा, गुरांचे शेण आणि माळावरची माती घेऊन पाणी तलावात उतरते, व त्याबरोबर नत्र आणि स्फुरद ही वनस्पतींची पोषकद्रव्येही जमा होतात. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी की, आश्विनात पावसाने पाठ फिरवलेली आणि धान ऐन निसवण्याच्या बेतात असताना पाळीखालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पाणी सोडले जाई, आणि त्या पाण्यातली पोषकद्रव्ये पिकाच्या अंगी लागत. उन्हाळ्यात तलाव आकसला की उघड्या पडलेल्या गाळास ऊन व हवा मिळून त्यातील कुजके द्रव्य जळून जाई, आणि उरलेला गाळ शेतकरी खत म्हणून गाड्या भरभरून नेत. दरसाल आटणे हा अशा तलावाचा दोष नसून त्याच्या आरोग्याची अटच होय.

पाण्यात तळाशी मुळे धरून वाढणाऱ्या वनस्पतींचेही यात मोठे अंग आहे. त्या पोषकद्रव्ये शोषतात, तळाचा गाळ मुळांनी बांधून ठेवतात, मरळ-मागुरासारख्या माशांच्या पिलांस आसरा देतात, आणि कमळाच्या पसरट पानांवर तर कमळपक्षी चक्क घरटे मांडतो. जाळे अडते म्हणून या वनस्पतींना कचरा समजणे सोपे, पण त्या गेल्या की मोकळी झालेली पोषकद्रव्ये सूक्ष्म शेवाळाच्या हाती पडतात. मग पाणी हिरवे होते, तळाशी प्रकाश पोहोचत नाही, आणि दिवसा प्राणवायू सोडणारे तेच शेवाळ रात्री तो इतका ओढून घेते की पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात. गवत खाणारा ग्रासकार्प आणि तळ उकरणारा सिप्रिनस अशा तलावात सोडणे, हे माझ्या मते उत्पन्नाच्या आशेने मुद्दलालाच हात घालणे आहे.

चांदा जिल्हा (आजचे चंद्रपूर व गडचिरोली) मध्यप्रदेशात होता तेव्हा, १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची मालकी, गेली, आणि ती जावी हे न्याय्यच होते; परंतु बंदोबस्ताच्या कागदांत, वाजिब-उल-अर्ज या गावरिवाजांच्या नोंदीत, पाणी सोडण्याच्या व गाळ काढण्याच्या ज्या वहिवाटी नोंदलेल्या होत्या, त्यांच्या पाठीशी असलेला वचकही तिच्याबरोबर गेला. तलाव सरकारजमा झाले. त्यांचा गाळ मात्र कोणाच्याच जमेस धरला गेला नाही.

चंद्रपूर शहरातील गोंडकालीन रामाळा तलावाची गत निराळी आहे. त्याच्या पाण्याची वाट पाहणारे धान नाही, उलट शहराचे सांडपाणी त्यात येत राहिले : जमा अखंड, खर्च शून्य. सांडपाण्यातील स्फुरदाचे सामर्थ्य १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. एका तलावाच्या मधोमध पडदा ताणून त्यांनी दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र टाकले, स्फुरद मात्र एकाच भागात. आणि तेवढाच भाग शेवाळाने माखला. रामाळ्यात पाणी झाकून टाकण्याचे हे काम जलपर्णीने केले, जिला चंद्रपूरकर इकॉर्निया म्हणतात. इको-प्रो या संस्थेचे बंडू धोतरे यांनी २०२१ मध्ये या तलावासाठी उपोषण केले, त्यानंतर तलाव रिकामा करून गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले. उपसा योग्यच, पण सांडपाणी वरच्या बाजूसच अडवून शुद्ध केले नाही, तर नवा गाळ तोच धडा पुन्हा गिरवील. शिवाय काढलेली जलपर्णी काठावरच कुजत ठेवली, तर पहिल्या पावसात तिच्यातील स्फुरद परत पाण्यात उतरते. ती तलावाच्या उतारापलीकडे नेऊन तिचे खत करावयास हवे.

हे सांडपाणी गाळून शुद्ध करण्याचे काम पाणथळीतील लव्हाळे व पाणकणीस कसे करतात, ते पुढील लेखांकात पाहू.