अशक्त पिल्लू समोर आलं, तर आधी काय विचाराल?



संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा, हे पुस्तकात वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात आपण प्रश्न मांडायच्या आधीच उत्तर देऊन मोकळे होतो. मी स्वतः हे केलंय, तेही प्रयोगशाळेत नाही तर गावात, आणि कोंबडीच्या पिल्लांच्या बाबतीत. आज तेच सांगतो.

माझं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली. जिल्ह्याबाहेरच्यांसाठी सांगतो: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा भाग घाटावरचा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा घाटाखालचा. मे महिन्यात घाटाखाली पारा ४२ अंशांच्या वर जाणं नेहमीचंच. हे ऊन पुढे आपल्या गोष्टीत येणार आहे, लक्षात ठेवा.

आमच्या शेजारच्या काकूंच्या बचत गटाने गावरान पिल्लं विकायची म्हणून ५० अंड्यांचं छोटं इन्क्युबेटर घेतलं. मे महिन्यात पहिली बॅच निघाली आणि संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"तू तं पीएचडी करून रायला ना बाप्पा? मंग सांग, पिल्लं उभीच नाही रायत. काहून?"

माझा विषय मासे. पण प्राणिशास्त्र म्हटलं की सगळ्याच प्राण्यांचं उत्तर आपल्याकडे असतं, असा गावाचा समज. मीही तो मोडला नाही. "व्हिटॅमिन कमी पडलं असेल काकू, टॉनिक द्या पाण्यातून," असं सांगून फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं, की मी एकही प्रश्न विचारला नव्हता. पिल्लं किती? त्यातली अशक्त किती? कोणत्या दिवशी निघाली? दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी पकडली.

"अशक्त" हे निदान नाही

घरी पोचून मोजलं. ३१ पिल्लं निघाली होती, त्यातली ९ बरी नव्हती. फोनवर हीच "अर्धी" होती! म्हणून पहिली सवय: एकूण किती त्यातले किती, हे मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरी सवय: वेगवेगळं दिसणारं वेगळं ठेवा. त्या ९ पिल्लांना मिळून "अशक्त" हा एकच शब्द होता, पण नीट पाहिलं तर चार गोष्टी दिसत होत्या. दोन पिल्लं नुसती गार आणि मलूल होती. चौघांचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेले होते. दोघांची बेंबी ओली, लालसर, न मिटलेली होती. एकाची चोच कात्रीसारखी तिरकी होती. चार वेगळी कारणं असतील, तर एका टॉनिकने सगळी कशी बरी होणार?

गार पिल्लू: आधी ऊब, मग पाणी, मग खाद्य

नुकतंच निघालेलं पिल्लू स्वतःच्या शरीराचं तापमान सांभाळू शकत नाही. खुडूक कोंबडी पंखाखाली घेते ती यासाठीच. कोंबडी नसेल तर पिल्लाच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस हवं, आणि नंतर दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करत न्यायचं. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी, बल्बपासून लांब पळून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उष्मा, सगळी एकाच कोपऱ्यात गेली तर दुसऱ्या बाजूने वारा.

गार पिल्लाच्या तोंडात लगेच काही घालू नका. ठसका लागू शकतो आणि पचनही होत नाही. आधी उबेत ठेवा. हालचाल सुरू झाली की चोचीचं टोक कोमट पाण्यात बुडवा; थोडासा गूळ किंवा साखर घातलेलं चालतं. खाद्याची घाई नको. अंड्यातला पिवळा बलक शेवटच्या दोन दिवसांत पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि तो दोन-तीन दिवस पुरतो. म्हणूनच एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांब पाठवता येतात. काकूंची ही दोन पिल्लं तासा-दोन तासांत उभी राहिली.

फाकलेले पाय

याचं एक साधं कारण म्हणजे गुळगुळीत जमीन. काकूंनी स्वच्छता म्हणून वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर पाय घसरतात आणि दोन-चार दिवसांत फाकलेलेच राहतात. उपाय: खाली गोणपाट किंवा खरबरीत कापड घाला, आणि मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय साधारण २ ते ३ सेंटीमीटर अंतरावर, उभं राहता येईल असे सैल बांधा. पहिल्या एक-दोन दिवसांतच बांधलं तर उपयोग होतो. रोज सोडून बघा, पट्टी रुतत नाही ना. बाकीची पिल्लं टोचत असतील तर वेगळं ठेवा. पण पाणी आणि सोबत दोन्ही त्याच्या जवळच हवं.

मात्र पायाचा प्रत्येक दोष हा नव्हे. बोटं आत मुडपली असतील तर रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-२ ची कमतरता असू शकते, आणि इथे व्हिटॅमिन लवकर दिलं तर खरंच गुण येतो. घोटा सुजून पाय बाजूला वळला असेल तर स्नायूची दोरी जागेवरून सरकलेली असते. मँगनीज, कोलीन यांच्या कमतरतेने हे होतं, पण दोरी एकदा सरकली की औषधाने परत जागेवर येत नाही. निदान आधी आणि औषध नंतर असायला हवं, ते याचसाठी.

बेंबी आणि चोच

बेंबी ओली, लाल आणि वास येणारी असेल तर तो जंतुसंसर्ग. पिल्लू लगेच वेगळं करा, बेंबीवर पोव्हिडोन आयोडीन लावा, हात धुवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. मनाने अँटिबायोटिक देऊ नका. इथे यश कमीच येतं. काकूंची दोन्ही पिल्लं तीन दिवसांत गेली.

तिरक्या चोचीचं पिल्लू जगू शकतं, पण वाढीबरोबर तिरकेपणा वाढतो. त्याला खोल भांड्यात ओलसर भरडा द्यायचा आणि वजनावर लक्ष ठेवायचं. दोष आनुवंशिक असू शकतो, म्हणून मोठं झाल्यावर त्याची अंडी उबवायला ठेवायची नाहीत. खाता-पिता येत नाही आणि त्रास स्पष्ट दिसतोय, अशा पिल्लाबद्दल पशुवैद्यकाला विचारा. ओढून जगवणं ही नेहमीच दया नसते.

माझ्या हातून गेलेलं पिल्लू

इन्क्युबेटरमध्ये अजून दोन अंड्यांना तडा गेलेला होता. आतून चिवचिव ऐकू येत होती. मला राहवलं नाही. एकाचं कवच नखाने सोललं. आतल्या पांढऱ्या पडद्यातून रक्त आलं आणि पिल्लू अर्ध्या तासात गेलं.

कारण पुस्तकात मी वाचलेलं होतं. पिल्लू आधी अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच खुपसतं आणि फुप्फुसाने श्वास घेऊ लागतं. तोवर पडद्यातल्या रक्तवाहिन्यांत रक्त असतंच, आणि बलकही पूर्ण आत गेलेला नसतो. तडा गेल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागणं स्वाभाविक आहे. बाहेरून "अडकलंय" असं दिसणारं पिल्लू आतून काम करत असतं. दुसऱ्या अंड्याला मी हात लावला नाही. ते रात्री आपोआप निघालं.

कॅलेंडर काय सांगतं?

आता मुख्य प्रश्न: काहून? कोंबडीचं अंडं २१ दिवसांनी फुटतं. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर अंडी ठेवल्याची तारीख लिहिली होती. मोजलं, तर बहुतेक पिल्लं १९ व्या दिवसाच्या रात्रीपासून २० व्या दिवसापर्यंत निघाली होती. लवकर निघणं म्हणजे बहुधा आत उष्णता जास्त, उशिरा निघणं म्हणजे कमी. जास्त उष्णतेत बेंबी नीट मिटत नाही आणि पायही अशक्त राहतात. इन्क्युबेटरचा आकडा ३७.५ दाखवत होता. घरातला डॉक्टरी थर्मामीटर आत ठेवून ताडून पाहिलं, तर ३८.६!

दुसरी गोष्ट, अंडी १२ दिवस साठवली होती, पत्र्याच्या खोलीत. साधारण २० अंशांच्या वर अंड्यातल्या गर्भाची वाढ हळूहळू सुरू होते. मे महिन्यातल्या घाटाखालच्या खोलीत ती सुरू होते, अडखळते, बिघडते. त्यामुळे काही पिल्लांचा दोष अंडं इन्क्युबेटरमध्ये जायच्या आधीचाच असू शकतो.

मग नेमकं कारण कोणतं?

पुढची बॅच ऑगस्टमध्ये लावली. अंडी सहा दिवसांच्या आतली, ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात साठवलेली. थर्मामीटर दुरुस्त. खाली गोणपाट. या वेळी ३६ पिल्लं निघाली आणि अशक्त फक्त २. काकू खूश. मीही चार जणांना अभिमानाने सांगितलं.

मग गटाच्या बैठकीत काकूंनीच विचारलं, "यातलं कोणतं कामी आलं? दुसरं मशीन घ्यावं का थंड खोली करावी? पैसे एकाचेच आहेत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, आणि चौथी, म्हणजे ऋतू, आपोआप बदलली होती. टॉनिकचंही तेच. पहिल्या बॅचमध्ये पाय बांधलेल्या चारपैकी तीन पिल्लं चालू लागली. दुकानदार म्हणतो टॉनिकने, मी म्हणतो पट्टीने, आणि काही पिल्लं कशानेही न करता सावरली असती. टॉनिक सगळ्यांनाच दिलं होतं, म्हणजे तुलनेला कोणी उरलंच नाही.

१८९० च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमान यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय असेच लुळे पडले होते. ते जंतू शोधत होते. पण कोंबड्या आजारी कधी पडल्या आणि बऱ्या कधी झाल्या, याच्या तारखा जुळवल्यावर कळलं, की त्याच काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला पॉलिश केलेला पांढरा भात मिळत होता, आणि नव्या स्वयंपाक्याने तो बंद केला होता. तरीही आइकमान यांना वाटलं, की भातात काही विषारी आहे. भातात काहीतरी "नाही" म्हणून हे होतंय, हे १९०१ मध्ये खेरिट ग्रेन्स यांनी मांडलं. ते "नाही" म्हणजे आजचं जीवनसत्त्व ब-१. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल मिळालं.

आम्ही आता एवढंच ठरवलंय: पुढच्या उन्हाळ्यात त्याच कोंबड्यांची, त्याच दिवसांची अंडी, पेन्सिलने खूण करून निम्मी माठात आणि निम्मी खोलीत ठेवायची. मग सगळी एकाच इन्क्युबेटरमध्ये. २५-२५ अंड्यांवरून मोठा निष्कर्ष निघणार नाही, पण निदान एका वेळी एकच गोष्ट बदललेली असेल. तुम्ही हे विद्यापीठात करणार असाल, तर आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी घ्या, आणि पिल्लाला त्रास झाला तर प्रयोग कुठे थांबवायचा हेही आधीच लिहून ठेवा.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या सिनॉप्सिसमधला "कमी", "अशक्त", "वाईट" असा एक शब्द शोधा. त्याच्या जागी काय दिसलं, कितीपैकी किती, आणि कधीपासून, हे लिहून बघा. काकूंनी तारीख लिहिली नसती, तर मी अजूनही टॉनिकच सांगत बसलो असतो.