तळघरातले दुसरे बिऱ्हाड: इंग्लंडमधली परवानगी

इंग्लंडमध्ये राहत्या घराच्या तळघरात अभ्यासिका किंवा मुलांची खोली करायची असेल, तर सहसा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही. त्याच तळघराला वेगळे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि स्वतःचा दरवाजा देऊन तिथे दुसरे बिऱ्हाड ठेवायचे ठरले, की ती घ्यावीच लागते. १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार एका घराची दोन किंवा अधिक स्वतंत्र घरे करणे हा वापरातला महत्त्वाचा बदल ठरतो. त्यासाठी एक वीटही हलवली नसली तरी चालते. कायदा येथे बांधकामापेक्षा राहणाऱ्या माणसांकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे.

लंडनमध्ये हा प्रश्न वारंवार येतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रांगेने बांधलेल्या तिथल्या अनेक घरांना अर्धे जमिनीखाली गेलेले तळघर आहे. पूर्वी तिथे स्वयंपाकघर आणि नोकरांचा वावर असे, तर फुटपाथखालच्या कोठीत कोळसा भरत. रस्त्यावरून खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि तळाशी वेगळे दार बहुधा आधीपासूनच असते, त्यामुळे फ्लॅट जवळजवळ तयारच आहे असे घरमालकाला वाटते.

अर्ज स्थानिक कौन्सिलकडे नकाशांसह करायचा असतो. शेजाऱ्यांना म्हणणे मांडायला साधारण २१ दिवस मिळतात आणि अशा छोट्या कामावर निर्णयाची मुदत आठ आठवड्यांची असते. नकार आला तर सहा महिन्यांत अपील करता येते. कौन्सिल आधी जागा मोजते. २०१५ च्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे एका व्यक्तीच्या, शॉवर असलेल्या छोट्यात छोट्या फ्लॅटला ३७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४०० चौरस फूट, जागा हवी. दोन माणसांच्या एका बेडरूमच्या फ्लॅटला ५०. छताची उंची किमान तीन-चतुर्थांश भागात २.३ मीटर, आणि लंडनच्या आराखड्याप्रमाणे २.५ मीटर लागते. जुनी तळघरे इथेच अडतात. उंची वाढवायला जमीन खोदावी लागते, खोदाई शेजाऱ्याच्या पायाजवळ पोचते, आणि मग १९९६ च्या सामाईक भिंतीच्या कायद्याखाली त्याला आगाऊ नोटीस द्यावी लागते. उजेडाचा प्रश्न आणखी अवघड. समोरच्या अरुंद खड्ड्याकडे उघडणाऱ्या एकाच खिडकीवर सगळा फ्लॅट अवलंबून असेल, तर केवळ त्या कारणावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

सर्वांत कडक नियम पाण्याचा आहे. राष्ट्रीय नियोजन मार्गदर्शनात स्वतंत्र तळघर-घर ‘अतिसंवेदनशील’ वापरांत मोडते. पुराचा धोका सर्वाधिक असलेल्या तिसऱ्या क्षेत्रात अशा घराला परवानगी देऊ नये, आणि दुसऱ्या क्षेत्रात विशेष कसोटी लागू होऊ शकते. मोठ्या घराचाच भाग असलेल्या तळघरातला माणूस आतल्या जिन्याने वर जाऊ शकतो. स्वतंत्र फ्लॅटमध्ये तो जिना बंद केलेला असतो. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये आयडा वादळाच्या पावसात तळघरांतल्या घरांत ११ माणसे दगावली. मात्र इंग्लंडमधली ही पूरक्षेत्रे नदी आणि समुद्राच्या पुरावरून ठरतात. जुलै २०२१ मध्ये लंडनची तळघरे भरली ती मुसळधार पावसाने तुंबलेल्या गटारांमुळे. म्हणून साठणाऱ्या पावसाच्या पाण्याचा वेगळा नकाशा पाहणे आणि सांडपाणी उलटे येऊ न देणारी झडप किंवा पंप बसवणे अत्यावश्यक आहे.

प्लॅनिंगची परवानगी मिळाली तरी बांधकाम नियमांची मंजुरी निराळी घ्यावी लागते. त्यात ओल, वायुवीजन, वरच्या मजल्याकडे जाणारा आवाज आणि मुख्य म्हणजे आग तपासली जाते. सुटकेसाठी ठेवलेली खिडकी किमान ०.३३ चौरस मीटर उघडावी, तिची रुंदी आणि उंची ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, आणि बाहेर पडल्यावर सुरक्षित जागी पोचता यावे. वारसा यादीतल्या इमारतीत वेगळी संमती हवी. ती न घेता काम करणे गुन्हा आहे. जागा लीजवर असेल तर मूळ मालकाची संमतीही पाहावी लागते. नव्या फ्लॅटला कौन्सिल टॅक्स सहसा स्वतंत्र लागतो, आणि लंडनमध्ये अनेकदा तिथल्या रहिवाशाला पार्किंगचा परवाना मिळणार नाही अशी अट असते.

परवानगीविना केलेल्या फ्लॅटवर कौन्सिल कारवाईची नोटीस काढू शकते. २५ एप्रिल २०२४ पूर्वी झालेल्या बदलांसाठी अशा कारवाईची मुदत चार वर्षांची होती, त्यानंतरच्या बदलांसाठी दहा वर्षांची आहे. फ्लॅट मुद्दाम लपवून ठेवला असेल तर मुदतीचा आधार मिळेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये वेल्विन हॅटफील्ड कौन्सिलच्या खटल्यात तसा निर्णय दिला. मुदत उलटून गेल्यावर पुरावे देऊन वापर कायदेशीर असल्याचा दाखला घेता येतो. तो दाखला फक्त प्लॅनिंगपुरता असतो. आगीतून सुटण्याची वाट, ओल आणि हवा यांची तपासणी त्याने होत नाही, आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्यातल्या धोक्यांसाठी २००४ च्या गृहनिर्माण कायद्याखाली कौन्सिल मालकाला स्वतंत्रपणे जबाबदार धरू शकते.