आकृतीत बसणारी अक्षरे

लिहिलेला मजकूर सामान्यतः चौकोनात बसतो. वहीचे पान, पुस्तकाचे पान, पत्राचा कागद, सारेच चौकोनी. म्हणून ओळीही सारख्या लांबीच्या असतात. परंतु तोच मजकूर पतंगाच्या किंवा थेंबाच्या आकारात मांडला, तर वाचण्यापूर्वीच तो डोळ्यांशी बोलू लागतो.

ही हौस जुनीच आहे. संस्कृत कवींनी कमळ, खड्ग अशा आकृत्यांत अक्षरे गुंफून श्लोक रचले. अशा रचनेला चित्रकाव्य म्हणतात. इंग्रज लेखक लुई कॅरल यांच्या १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या ॲलिसच्या गोष्टीत उंदराची कहाणी शेपटीसारखी वळणे घेत छापलेली आहे. टोकाकडे तिची अक्षरे बारीक होत जातात. इंग्रजीत कहाणी आणि शेपूट या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच असल्यामुळे ही गंमत साधली. त्या काळी छापखान्यात धातूचे खिळे एकेक करून हाताने जुळवावे लागत.

आज हे काम संगणक क्षणात करतो. इंकस्केप हे २००३ साली सुरू झालेले, विनामूल्य मिळणारे चित्रकामाचे सॉफ्टवेअर आहे. त्यात आकृती रंगीत ठिपक्यांनी भरून साठवीत नाहीत. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांची गणिती नोंद ठेवतात. म्हणून आकृती कितीही मोठी केली, तरी तिची कड धूसर होत नाही. मजकूर व आकृती दोन्ही निवडून आज्ञा दिली, की संगणक प्रत्येक ओळीसाठी आकृतीच्या दोन कडांमधील अंतर पाहतो आणि त्यात मावतील तेवढेच शब्द ठेवून पुढच्या ओळीकडे वळतो.

समजा, पाणी वाचवण्याचा संदेश थेंबाच्या आकारात लिहावयाचा आहे. थेंब वर निमुळता व खाली गोल असतो. आरंभीच लांब शब्द आला, तर तो टोकात मावत नाही. टोक रिकामे राहते आणि थेंबाऐवजी लाडूच दिसू लागतो. मजकूर फार झाला, तर शेवटचे शब्द दिसेनासे होतात. यावर उपाय सोपे आहेत: आरंभी लहान शब्द योजावेत, अक्षरे थोडी बारीक करावीत, अथवा थेंब मोठा करावा. मात्र जागा भरण्यासाठी अक्षरे एकमेकांपासून दूर ओढू नयेत. तसे केल्यास देवनागरीची शिरोरेषा तुटते. ओळीही फार जवळ आणू नयेत, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

दुसरी एक रीत आहे. तीत ओळी लहानमोठ्या न करता अक्षरेच ताणून, वाकवून आकृतीत बसवतात. एखाददुसऱ्या शब्दाच्या शीर्षकाला ती शोभते. परंतु त्यासाठी अक्षरांचे रेषांत रूपांतर केले, तर संगणकाच्या लेखी तो मजकूर उरत नाही. केवळ चित्र उरते. मग एखादी वेलांटी चुकलेली आढळली, तरी ती पुसून पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून शुद्धलेखन आधी तपासावे आणि मूळ मजकुराची एक प्रत जपून ठेवावी.

संगणक अंतर अचूक मोजतो. पण संदेश वाचता येतो की नाही, हे त्याला कळत नाही. ते माणसानेच पाहावयाचे असते. थेंब सुंदर झाला आणि 'पाणी' हा शब्दच वाचता आला नाही, तर त्या सौंदर्याचा उपयोग काय?